गणपतीचं हिमोग्लोबिन

मी काय काम करते हे आमच्या रोह्यात आजवर कुणालाही नीट कळलेलं नाही, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. कळलं असतं तर लोकांनी ते केव्हाच बंद पाडलं असतं. वडील धाटावच्या केमिकल कंपनीतून रिटायर झाले, आयुष्यभर तीन शिफ्टमध्ये राबले. ते लोकांना सांगतात, "ती कॉम्प्युटरला डॉक्टरकी शिकवते." शेजारच्या काकू हे ऐकून दर दोन महिन्यांनी नातवाचा बिघडलेला प्रिंटर घेऊन येतात. मी तो दुरुस्त करून देते. माझ्या कारकिर्दीत लोकांच्या खरोखर उपयोगी पडलेलं काम एवढंच, असं म्हटलं तरी चालेल.

बाकीचं काम फार मोठं आहे हो. पुण्यात कॉम्प्युटर शिकले, मग मशीन लर्निंग शिकले, म्हणजे मशीनला हजारो उदाहरणं दाखवायची आणि ते आपोआप शहाणं होईल म्हणून वाट बघत बसायचं. पहिल्या नोकरीत, कोणता पेशंट तपासणीच्या तारखेला येणार नाही हे आधीच सांगणारं मॉडेल बनवलं. दोन वर्षं घासलं. शेवटी मॉडेलने शोध लावला की ज्यांच्या गावाला सकाळची एसटी नाही, ते पेशंट येत नाहीत. कुठल्याही कंडक्टरने हे बिडी ओढता ओढता फुकट सांगितलं असतं. मला त्याबद्दल एका परिषदेत शाल आणि झाडाचं रोप मिळालं. रोप मेलं, शाल वडील वापरतात.

मग आताची कंपनी. आमचे साहेब माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहेत आणि त्यांनी आरोग्यक्षेत्र बदलून टाकायचं ठरवलंय. आरोग्यक्षेत्राला अर्थात याची काही कल्पना नाही. त्यांची कल्पना अशी: बाईच्या अंगात रक्त कमी आहे की नाही हे बघायला सुई कशाला? नखाखालचा रंग बघा. रक्त पुरेसं असेल तर नख गुलाबी, नसेल तर पांढरं. मोबाईलवर चार बोटांचा फोटो काढायचा, आमचं मॉडेल हिमोग्लोबिनचा आकडा सांगणार. बाराच्या वर म्हणजे नॉर्मल. सुई नाही, कापूस नाही, लॅब नाही. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. ते मॉडेल मी बनवलं. नेलपॉलिश ओळखायलासुद्धा शिकवलं त्याला, लाल, निळं, चमचमतं, कसलंही लावून या, ते म्हणणार, "कृपया नेलपॉलिश काढा." केवढा मला अभिमान त्या एका वाक्याचा! जगातल्या सगळ्या बायका आमच्या ऑफिसातल्या बायकांसारख्याच असणार, असं मी धरून चालले होते.

खेड्यापाड्यांत चाचणी घ्यायची ठरली तेव्हा साहेबांना आठवलं की मी रायगडची. "तुमचं तिकडे लोकल कनेक्शन आहे," ते म्हणाले. माझं लोकल कनेक्शन म्हणजे रोह्यात आई-वडील आणि पेणला आत्या. दोन ठिकाणं मिळाली, दोन शिबिरं ठरली. मी घरूनच काम करेन म्हणाले आणि चार महिन्यांसाठी रोह्याला येऊन राहिले.

रोह्याचं शिबिर जवळच्याच एका गावात झालं, भर लावणीत. बायका शेतातून थेट आल्या, कोपरापर्यंत चिखल. मी लगेच ओरडले, "अहो, आधी हात धुवून या सगळ्या!" विहिरीवर जाऊन धुऊन आल्या. आकडे आले ते असे-तसेच. कुणाचे बरे, कुणाचे कमी, दोघींचे फारच कमी. त्यांना लॅबमध्ये पाठवलं, तिथेही कमीच निघाले. साहेब फोनवर नाचायचे बाकी राहिले.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात पेण. आता पेणला आत्या काय करते ते सांगायला हवं. ती गणपतीच्या कारखान्यात रंग बनवते. नुसता लावत नाही, बनवते. मूर्तीचं पितांबर, दागिने कुणीही रंगवेल, पण अंगाचा रंग, तो गुलाबीसर कातडीचा रंग, त्यांच्या कारखान्यात आत्याशिवाय कुणी कालवत नाही. पांढऱ्यात जरा लाल, जरा पिवळा, किंचित काळपट काहीतरी, मापबिप काही नाही. आणि जमला की नाही ते बघायची तिची पद्धत अशी की बोटाने घ्यायचा आणि नखांवर फासायचा. चारही बोटांवर, चार वेगळ्या छटा. वाळला की हात उजेडात धरायचा. "ओला रंग खोटं बोलतो," ती म्हणते. "आनि नखावर कसा, गुळगुळीत बसतो, मूर्तीवर दिसेल तसाच दिसतो." कारखान्यातल्या सगळ्या बायकांनी तिचं बघून तेच उचललं. लहानपणी मी तिला विचारलं होतं, चांगला रंग कुठला? ती म्हणाली होती, "जो बघून वाटलं पायजे, आत रगत हाय."

हे मला तिसरीत असल्यापासून माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

तर मी माझा मोबाईल, स्टँड आणि कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट घेऊन कारखान्यात पोचले. सगळीकडे मूर्ती. काही पांढऱ्याफटक, काहींना अंगाचा रंग लागलेला, काही डोळ्यांची वाट बघत बसलेल्या. मधून वाट काढत आत्या आली. चाळिशीपासून तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा थकवा आहेच, त्यामुळे त्या दिवशी जास्त होता का, हे मी बघितलंच नाही. तिने कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि मग स्वतःच्या बोटांकडे बघून म्हणाली,

"हात धुवून येऊ काय गो?"

मागे वीसेक बायका उभ्या होत्या. माझ्या घरच्या माणसाने माझ्या मशीनला कमी लेखलंय असं काहीतरी मला वाटलं असणार, कारण मी जरा मोठ्यानेच म्हणाले, "काही नको आत्या. ह्याला सगळं कळतं."

ह्याला सगळं कळतं! नेलपॉलिश असतं तर मशीन बोंबललं असतं की. ते काही बोललं नाही. कसं बोलणार? आम्ही त्याला माणसाच्या कातडीचा रंग शिकवला होता, आणि आत्याने तीस वर्षं घालून तोच रंग शिकला होता. शेतातल्या बायकांचा चिखल मला दिसला, कारण चिखल घाण दिसतो. हा रंग मला दिसला नाही, कारण तो छान दिसतो. आत्याचा आकडा आला तेरा पूर्णांक आठ. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या लाजली. मग सगळ्यांचे आकडे आले, आणि सगळ्याच्या सगळ्या नॉर्मल.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला शंका आली असती. मी शहाणी नव्हते, मी शास्त्रज्ञ होते. साहेब म्हणाले, "इंटरेस्टिंग! पेणच्या बायका एवढ्या हेल्दी कशा?" आणि मी अक्कल पाजळली. म्हटलं, खाडीकाठचं खाणं. सुकट, जवळा, नाचणी, कडधान्यं. साहेबांनी त्याची रंगीत स्लाइड बनवली, एका बाजूला रोहा, एका बाजूला पेण. दोघांच्या मधे नागोठणे आणि कासू. पॅसेंजरने तासाभराचा रस्ता, आणि आमच्या स्लाइडप्रमाणे गाडीत बसल्या बसल्या बाईचं रक्त वाढत जात होतं. रोह्याच्या बायका काय सुकट खात नाहीत? माझी स्वतःची आई खाते! पण स्लाइड फार सुंदर झाली होती, त्यामुळे मी गप्प बसले.

पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आत्याच्या वाडीत घरोघरी फिरणाऱ्या आशाताई आहेत. शिबिरानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी आत्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून बघितली होती. मॉडेल नाही, स्टँड नाही, टी-शर्ट नाही. त्या म्हणाल्या, "ताई, आत पांढरं दिसतंय, उद्या चला, रक्त तपासू." आत्या म्हणाली, "अगो, आत्ताच तपासलंय. माझ्या भाचीनं मोबाईलवर. तेरा आलंय." आशाताईंनी तिला दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा आत्याने माझं नाव पुढे केलं.

आणि मला तिने स्वतः फोन केला होता, हे तर मला कुणी सांगायला नको. आषाढ होता. ती म्हणाली, "जिना चढलं का धाप लागतं गो. छातीत धडधडतं. काय असंल?" मी त्या वेळी साहेबांसाठी दुसरी स्लाइड करत होते. म्हटलं, "आत्या, सीझनचं काम, झोप नाही, वयही झालं. तुझं रक्त तर मस्त आहे, आपण बघितलंय ना." ती म्हणाली, "व्हय, ते पन हायच." फोन ठेवला. एका मिनिटाचाही नव्हता तो फोन.

गणपतीला दोन आठवडे उरले होते तेव्हा आतेभावाचा फोन आला. आई कारखान्यात रंगाच्या बादलीशेजारी बसली ती उठलीच नाही, उचलून दवाखान्यात आणलंय. मी मिळाली ती गाडी पकडली. कासूला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली आणि मी दारात उभी राहून मनातल्या मनात आत्याचा आकडा घोकत होते. तेरा पूर्णांक आठ, म्हणजे रक्ताचं काही नाही, हार्ट असेल, शुगर असेल. बघा, गाडीत सुद्धा मी माझ्या मॉडेलचीच बाजू घेत होते.

दवाखान्यात पोचले तेव्हा सिस्टर आत्याच्या बोटाला ते चिमट्यासारखं ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावत होती. ते काही आकडा दाखवेना. सिस्टरने आत्याचं बोट वर धरून बघितलं आणि वैतागून म्हणाली, "हा काय रंग लावून ठेवलाय? स्पिरिट आणा." कापसाचा बोळा भिजवला आणि त्याच बोटापासून सुरुवात केली. कापूस गुलाबी होत गेला. आणि त्या गुलाबीखालून आत्याचं खरं नख वर आलं. कागदासारखं पांढरं. एकेक करून चारही बोटं तशीच.

मी भिंतीला टेकले. 

लॅबचा आकडा आला, साडेचार. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "ह्या चालत कशा होत्या?" त्या म्हणाल्या. पोटात गाठ होती, दोन वर्षं पाळीत खूप रक्त जात होतं आणि आत्याने ते कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. "आधी कधी रक्त तपासलं होतं का?" त्यांनी विचारलं. आतेभाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी माझ्या चपलांकडे बघायला लागले. चौदा वर्षं मी परिषदांमध्ये माईक हातातून सोडत नाही, आणि तिथे मला एक साधं "हो, मीच" म्हणता आलं नाही.

दोन दिवस तिला रक्त चढत होतं. पहिली रात्र जाईल की नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आतेभाऊ म्हणाला, कारखान्यातून आईचा चष्मा आण. गेले. काम चालूच होतं, गणपती कुणासाठी थांबत नाहीत. आत्याच्या जागेवर तिने शेवटचा रंगवलेला गणपती होता, दीड फुटी. डोळे अजून आखायचे होते, पण अंग पुरं झालेलं. आशीर्वादाचा हात वर केलेला, बोटांना छोटी छोटी कोरलेली नखं. काय वाटलं मला कुणास ठाऊक. मी मोबाईल काढला आणि त्या हाताचा फोटो घेतला.

मशीनने अर्धा सेकंद विचार केला. "हिमोग्लोबिन चौदा पूर्णांक दोन. नॉर्मल. अभिनंदन!"

ते अभिनंदन मीच घातलं होतं. बायकांना बरं वाटावं म्हणून. मी तिथेच, रंगाच्या डब्यांमध्ये, आधी हसायला लागले आणि मग रडायला. आजूबाजूच्या बायका धावल्या, त्यांना वाटलं आत्या गेली. मी म्हटलं, नाही हो, आत्या आहे, आत्या आहे. माझं बघून त्यांच्यातल्या दोघीतिघीही रडल्या.

बाहेर येऊन साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "हा एज केस आहे. म्हणजे अपवाद. गणपतीचा फोटो द्यायला मॉडेल बनवलेलंच नाही." मी म्हटलं, "साहेब, गणपतीचा नाही, माझ्या आत्याचा दिला होता." ते म्हणाले, पेणचे आकडे काढून टाकले तर चाचणीचा अहवाल कमकुवत होईल. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही; आमच्याकडे भांडताना जी भाषा वापरतात ती मी पुण्यात इतकी वर्षं झाकून ठेवली होती, ती सगळी बाहेर काढली. आकडे काढले गेले. स्लाइडही गेली. नोकरी मात्र गेली नाही, कारण तो कोड माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही.

मग आशाताईंकडे गेले. मान खाली घालून. त्या एक शब्द लागट बोलल्या नाहीत, हे फार वाईट झालं. आम्ही दोघी मिळून त्या वीसही बायकांच्या घरी गेलो, बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. आणखी तिघी निघाल्या. एक तर वरच्या आळीतली, नवरा गल्फमध्ये, तीन लहान मुलं, तिला मी स्वतः म्हटलं होतं, "तुमचं तर आत्यापेक्षा छान आहे." तिने मला चहा केला.

आत्या वाचली. गाठीचं ऑपरेशन पुढे रीतसर झालं. पण त्याआधी, दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेली असताना जे ऐकलं ते सांगते. वॉर्डात तिला बघायला सारखी माणसं यायची. नातेवाईक, शेजारी, कारखान्याचे मालक. प्रत्येकाला कुठून तरी कळलं होतंच. आणि प्रत्येकाला आत्या सलाइनच्या हाताने खूण करून जवळ बोलवायची आणि सांगायची, "मशीनचं काय नाय हो चुकलं. माझेच हात रंगाचे. मी येडी, न धुताच गेले."

पहिल्यांदा मला वाटलं, तिला आठवत नसेल. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा, मालक गेल्यावर, मी म्हटलं, "आत्या, तू विचारलं होतंस. धुवून येऊ का म्हणून. मीच नको म्हटलं."

"व्हय," ती म्हणाली. "आठवतंय की."

"मग असं का सांगतेस सगळ्यांना?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की हिला चौदा वर्षं कुणी पगार तरी कसा दिला असेल. "अगो, तुझं नाव खराब झालं तर तुझ्या मशीनला कोन हात दाखवनार? तुझी नोकरी हाय ती." मग म्हणाली, "आनि मला ठावं होतं ना, तो रंग बादलीतला हाय. मीच कालवलेला. पन तू एवढी शिकलेली, तू म्हनालीस ह्याला सगळं कळतं. मला वाटलं, कळत असंल."

त्यानंतर वॉर्डात जो कुणी आला त्याला आत्या बोलायच्या आधी मी सांगत गेले: तिने विचारलं होतं, मी नको म्हटलं. आठवडाभर. डॉक्टरीणबाईंनासुद्धा जाऊन सांगितलं. ऐकणाऱ्याला काय करावं ते कळायचं नाही. आत्या माझ्यावर चिडायची, तोंड फिरवून झोपायची. पण मला आता राहवत नव्हतं.

आमच्या ॲपचा पहिला स्क्रीन आता बदललाय. कंपनीचं बोधचिन्ह, हसरी बाई, उगवता सूर्य, सगळं काढून टाकलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलंय: आधी हात धुवा. आणि त्याखाली, रक्त तपासणीला पर्याय नाही. साहेब म्हणतात, ह्याने ग्राहक बिचकतात. बिचकू देत.

ऑपरेशननंतर दीड महिन्याने मी रोह्याहून पेणला गेले, सोबत आशाताई आणि त्यांची सुई. आत्या पुन्हा कारखान्यात जायला लागली होती. गणपती झाले की लगेच पुढच्या वर्षीचं काम सुरू होतं. आम्ही ओसरीवर बसलो. मी हाक मारली, "आत्या, ये गं, रक्त बघायचंय." आतून मोरीत पाणी पडल्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ. मग ती पदराला न पुसताच बाहेर आली आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. पाणी ओघळत होतं. साबण लावून इतके घासले होते की कातडी सुरकुतली होती, आणि नखं खरोखरची गुलाबी होती.

"धुवून आले," ती म्हणाली. "ह्या वेळेला तुला विचारलं नाय."